तिसरं प्रूफ

लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात मी चुका शोधतो.
एकवीस वर्षं झाली.
लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल,
तालमींच्या स्मरणिका,
आणि वर्षातून एकदा, गुऱ्हाळं पेटायच्या सुमाराला,
मालन वडणगेकर.

कापडी पिशवी, आत आखीव कागद,
वर खडीसाखरेची पुडी, कंपोझिंगच्या पोरांसाठी.
सत्र न्यायालयात लघुलेखिका होत्या.
जन्मभर लोकांचं खोटं वेगानं लिहून घेतलं,
आता स्वतःचं सावकाश लिहिते, म्हणतात.

मुखपृष्ठावर प्रकाशक हमखास सुरा देतो.
आत सुरा क्वचितच.
आत एक माणूस गंगावेशीत रात्री
म्हशीचं धारोष्ण दूध पितो,
मिशीवरचा फेस पुसतो
आणि शेजारच्याला विचारतो,
‘काय ओ, सापडली का तुमची बहीण?’

दर ओळीत वेलांटी पकडणारा मी,
पुढच्या चार पानांत मला एकही चूक दिसली नाही.
नऊ होत्या.
मालकांनी पैसे कापले. वाजवी होतं.

एकीत उद्यमनगरची फौंड्री आहे.
ज्यानं गुन्हा फुटला असता ती वस्तू
रात्रपाळीला भट्टीत जाते,
पंपाचा भाग होऊन बाहेर येते,
शिरोळकडच्या कुठल्यातरी मळ्यात पाणी उपसत राहते.
कुणाला काही कळत नाही.
फक्त वाचणाऱ्याला.
ते प्रूफ संपवून झोपलो,
पहाटे चारला सोसायटीची मोटर सुरू झाली
आणि मी ताडकन उठून बसलो.
त्या आठवड्यात कडी रोज तीनदा तपासली.

यंदा पिशवीत कादंबरी नव्हती.
‘कादंबरीतलं मढं माझं असतंय,’ बाई म्हणाल्या,
‘हे लोकांचं आहे. हात धुऊन बसा.’
मी खरोखरच उठून हात धुतले.

हुपरीची सुगंधा शेंडुरे.
घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडायची,
शेकड्यावर मजुरी.
वय एकोणीस.
आरोपी तिघे, तिघेही सुटले.
त्यांची नावं पुस्तकात एकदाच येतात,
निकालाच्या पानावर, यादीत.
तिचं नाव किती वेळा येतं
ते मी मोजायला घेतलं, मग सोडून दिलं.

त्या खटल्याला बाई खाली बसून टिपून घेत होत्या.
सुगंधाची आई पिंजऱ्यात उभी.
वेळ विचारली, वेळ सांगितली.
लुगड्याचा रंग विचारला, तो सांगितला.
मग कुणी काही विचारलं नसताना म्हणाली,
‘हासताना तोंडावर हात धरायची माजी पोरगी,
दात म्होरं हुतं म्हून.’
साहेब म्हणाले, असंबद्ध आहे, वगळा.
बाईंनी वगळलं.
नोकरी होती.

एकतीस वर्षं ते वाक्य कुठल्या कागदावर नव्हतं.
पुस्तक त्यानं सुरू होतं.

आणि मी काय केलं?
पहिल्या प्रुफात ‘हासताना’ खोडून ‘हसताना’ केलं.
‘म्हून’चं ‘म्हणून’.
सवयीनं. लाल शाईनं.
दुसरं प्रूफ परत आलं,
माझ्या दुरुस्तीवर काट,
खाली टिंबांची ओळ, बाजूला बारीक अक्षरात:
साक्षीदार बोलली तसं.

तिसऱ्या प्रुफात मी फक्त वाचलं.
पेन खिशातच होतं.
एका ठिकाणी पूर्णविराम सुटला होता,
तो तेवढा दिला. द्यावा की नाही
याचा विचार करत बराच वेळ बसलो.
पोरं खडीसाखर खात होती.

रात्री कडी लावायची राहिली.
बायको उठून लावून आली, म्हणाली,
‘का ओ, यंदाची भीतीची नाही वाटतं?’

‘आहे,’ म्हटलं.