खिडकी मीच बुजवली

खरं सांगायचं तर दोष माझाच.
सुतार माणूस मी, खुळखुळणारी चौकट दिसली
की हात शिवशिवतात.

नेल्दा माझी मेहुणी. दिवसभर खेकड्यांच्या कारखान्यात
नांग्या फोडते, बर्फात भरते,
रात्री हाताचा वास लिंबानं घासून घालवते
आणि अकॉर्डियन मांडीवर घेते.
इथे पुंता आरेनासला नोव्हेंबरात
रस्त्याच्या कडेला दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून. असला वारा.
तसल्या वाऱ्यात ती फोन साखरेच्या डब्याला टेकवते,
भोवती दोन उशा, वर माझ्या बायकोची लोकरी शाल,
आणि सगळ्यांना दम भरते:
कुणी खोकायचं नाही.

मग वाजवलेलं पाठवून देते.
कुणाला, ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं.
केमीत कुणी राउनो आहे, कागद गिरणीतून निवृत्त,
बास गिटार वाजवतो,
त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे पाच.
कुताइसीत लाशा, दातांचा डॉक्टर,
पत्र्याच्या सुटकेसवर बोटांनी ठेका धरतो.
हॅलिफॅक्सची इओना नुसती गुणगुणते, शब्द नाहीत.
ज्यानं त्यानं आपलं काही घालायचं, पुढे सरकवायचं.
आमच्याकडे माते फिरतो तसं,
एकच पेला, एकच नळी, पाळीपाळीनं;
फक्त हा पेला कुणी आटवत नाही.
एकमेकांना पाहिलेलं नाही कुणीच.
पैसे किती मिळतात, मी विचारलं.
ती अशी हसली, जसं मी चंद्राचं भाडं विचारलं.

तर त्यांच्या त्या सुरावटीत एक खडखड होती.
स्वयंपाकघराच्या खिडकीची.
वारा आला की दोनदा,
मग जरा थांबून, एकदा.
नेल्दा वैतागायची. अकरा वेळा वाजवून पाहिलं,
अकराही वेळा खिडकी मध्ये बोलली.
रविवारी मी पुट्टी घेऊन गेलो,
रबराची पट्टी लावली, पाचर मारली.
संध्याकाळपर्यंत काच इतकी मुकी झाली
की किटलीसुद्धा दबकत उकळली.
नेल्दानं पुन्हा वाजवलं. स्वच्छ.
एक बोट चुकलं नाही. पाठवलं.

तीन दिवस कुणाचा आवाज नाही.
चौथ्या दिवशी राउनोचं एक वाक्य आलं,
तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं:
खिडकी कुठे गेली?

त्याचा बास त्या खडखडीवर पाय ठेवून चालत होता.
लाशाची सुटकेस तिच्याशी भांडत होती.
इओना तर म्हणे तिसरी खडखड होईस्तोवर
श्वासच घेत नसे.
आम्ही जिला घालवायला निघालो
ती त्यांची सम होती.

पाचर काढतो, मी म्हटलं. काढलीही.
चौकट हलेना. माझं काम पक्कं असतं,
आयुष्यात पहिल्यांदा त्याची लाज वाटली.
मग नेल्दानं काचेवर चमचा वाजवून पाहिला,
ओतिलियानं बशी, मी हातोडीचा दांडा.
मध्यरात्री तीन मोठी माणसं वाऱ्याची नक्कल करताहेत
आणि खरा वारा बाहेर छपराच्या पत्र्यावर लोळतोय.
नाही जमलं.
आमचे ठोके वेळेवर पडत होते.

शेवटी जुनंच राहू दिलं. तिच्या दोन चुका,
शेजारच्या कुत्र्याचं एक भुंकणं, आणि खिडकी.

काल ते पुरं होऊन परत आलं.
ऐकायला बसलो. खोली उबदार,
नेल्दानं शाल कधीच काढून ठेवलेली.
खडखड झाली, तसा माझा हात
आपसूक खिशातल्या सुरीकडे गेला.
ओतिलियानं मनगट धरलं.

केमीत बर्फ पडतंय, नेल्दा म्हणाली.
राउनो पहाटे हे लावून बसला होता,
तर त्याची बायको झोपेतून उठली
आणि घरभर फिरून खिडक्या तपासून आली.
सगळ्या बंद होत्या.