रंग हलेपर्यंत

सोहारला आमची रात्रपाळी.
समुद्र मीठ चपलांसारखं दाराबाहेर काढून आत येतो,
आणि पडद्यापलीकडे जे पाणी उतरतं
ते इतकं कोरं, की कुणी जवळ श्वास सोडला
तरी त्याचा सामू घसरतो.
भुकेलं पाणी म्हणतो आम्ही त्याला. नळ खातं.
मग हजर डोंगराची चुनखडी
(नावाप्रमाणे खिडकीत कायम हजर)
तिच्यातून त्याला हळूहळू फिरवायचं,
अंगात थोडं काही धरायला लागलं
की गावात सोडायचं.

अब्देलबागी ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवून सांगतो,
तीव्र आम्ल म्हणजे माझा मामा,
लग्नात सगळे पैसे एकदम उधळणारा.
सौम्य आम्ल देतं, पण मूठ पुरती उघडत नाही,
वेळ आली तर दिलेलं परतही घेतं.
आमच्या देवरुखात अशाला चिकट म्हणतात, मी म्हणते.
तो हसतो. पेल्यात लालभडक कर्कदे.
पहाटे पेला विसळताना
तळाची लाली नळाखाली जांभळी होते.
माझी आई हळदीच्या हाताने चुन्याची डबी उघडायची,
तळवा कुंकवाचा व्हायचा,
आणि ती साबण लावायची,
त्याने आणखीच लाल.

ओमदुर्मानहून त्याला निरोप येत होते.
आधी दुकान. मग छप्पर.
मग भाऊ कुठे आहे तेच कळेना.
वाचायचा, फोन पालथा ठेवायचा,
चार, सात, दहा,
तिन्ही बाटल्यांतल्या बफरवर यंत्र पारखून घ्यायचा
आणि पुढचा नमुना उचलायचा.
मला वाटे, माणूस आहे की दगड.

काल सातची बाटली त्याच्या हातून निसटली.
फुटलीही नाही, प्लास्टिकची.
झाकण घरंगळत टेबलाखाली गेलं, एवढंच.
ते काढायला तो वाकला
आणि तिथेच बसून राहिला,
खांदे हलत होते.

पुस्तकात असतं हे, शेवटच्या परिच्छेदात,
परीक्षेला कुणी विचारत नाही म्हणून वाचत नाही:
बफर किती पचवतो यालाही माप असतं.
तोवर रंग हलत नाही.
नंतर एक थेंब पुरतो, कसलाही.

मी फडकं आणलं.
नोंदवहीत लिहिलं: सातचं द्रावण सांडलं, नवीन मागवणे.
त्याच्या वाट्याचे नमुने मीच केले.
पाचव्याला हात चुकला,
फिकट गुलाबी हवं होतं, भडक झालं.
ओतून दिलं. पुन्हा भरलं.
टेबलाखालून तो म्हणाला,
शेवटी शेवटी तोटी अर्धीच फिरव.