चौदा सेंटिमीटर पाणी

सातपूरला आमच्या कारखान्यात
हवा सात बारने धावते.
पाइपाला कान लावून मी गळती शोधतो,
सांध्याला साबणाचा फेस फासतो,
बुडबुडा फुगला की पाना घेऊन आवळतो.
एकवीस वर्षं हेच.
हवा फुकट नसते
हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणून भामरे मशीन घेऊन आला,
सिडकोतले आमचे तीन जिने चढून, घामाघूम,
तेव्हा पाणी विचारायच्या आधी मी विचारलं,
प्रेशर किती?
आत घेताना चौदा, सोडताना पाच.
चौदा काय?
सेंटिमीटर. पाण्याचे.

मला हसूच आलं.
चौदा सेंटिमीटर म्हणजे आमच्या देवघरातला तांब्या.
एवढ्यावर कारखान्यात शिट्टीसुद्धा वाजत नाही.
आणि एवढंच कमी पडत होतं
शाल्मलीच्या छातीला,
रोज रात्री, झोप गाढ झाली की.

सकाळी डोकं दुखतं म्हणायची.
आम्ही म्हणायचो, शाळेचा कंटाळा.
हे मी लिहून ठेवतोय,
कारण रोहिणी ते बोलत नाही आणि मीही बोलत नाही.

मास्क सिलिकॉनचा, नाकापुरता.
शाल्मलीने त्याचं नाव ठेवलं नाकोबा.
पहिले अकरा दिवस नाकोबा भिंतीवर आपटला,
बाराव्या दिवशी बाहुलीला लावून झाला,
मग मला,
मग निकुंभ काकूंना, त्या वाटीभर साखर मागायला आल्या होत्या.
सगळ्यांना लावून झाल्यावर स्वतःला.

त्याच रात्री मला दिसलं,
मास्कच्या पुढे बारीक भोकं, त्यातून सूं सूं.
मी उठलो. टेप काढली. कापलीसुद्धा.
मग काय वाटलं कुणास ठाऊक, भामरेला फोन लावला, रात्री पावणेबाराला.
तो ओरडलाच,
साहेब, ती गळती बुजवू नका!
तिचा सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो.

टेपचा तुकडा बराच वेळ
माझ्या अंगठ्याला चिकटून राहिला.

थंडीत नळीत पाणी धरतं.
नाशिकची थंडी, पहाटे सहा-सात अंशांची,
नळी गुडगुडायला लागते हुक्क्यासारखी.
रोहिणीने जुन्या मफलरची बाही शिवून नळीला घातली.
आता पलंगावर रात्रभर
तपकिरी लोकरीचा एक साप
पोरीच्या नाकाला तोंड लावून झोपतो.

आणि ऑगस्टातली ती रात्र.
गंगापूरचं पाणी सोडलेलं, लाइट गेलेले.
अख्खं शहर दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजतं.
सोसायटीच्या ग्रुपवर येत होतं:
गुडघ्याला लागलं.
कमरेला.
छातीला आलं, छातीला!
मी अंधारात इन्व्हर्टरसमोर बसलो होतो.
चार हिरव्या दिव्यांतले तीन.
मग दोन.
मशीनच्या काचेवर चौदा, पाच, चौदा, पाच,
तिला पुराशी काही देणंघेणं नव्हतं.
दोनाचा एक झाला तेव्हा मी गाडीची बॅटरी काढायला खाली उतरलो,
पाना खिशातच होता.
वर आलो तर पंखा फिरत होता.
ती कूस बदलून झोपलेली.

सकाळी साडेसहाला ती पट्ट्या स्वतः सोडते.
नाकावर लाल वण, वेणी घालेपर्यंत टिकतो.
मशीन हवा फेकत राहतं रिकाम्या खोलीत,
अलार्म ओरडतो, गळती, गळती.
ती बटण दाबते आणि म्हणते,
हं, आता माझी मी.

मी डबा घेतो, पहिल्या पाळीला जातो.
परवा कॉम्प्रेसर तीनच्या लाइनवर
एक सांधा सुसकारत होता, अगदी बारीक.
फेस लावला. बुडबुडा आला.
पाना हातात होता.
तो फुगून फुटेपर्यंत मी बघत राहिलो.
मग दुसरा आला.
मागून सुपरवायझर म्हणाला, अहिरे, काय झालं?
काही नाही म्हटलं,
आणि आवळला.