लागलं

तासाचे बावीस पौंड मिळतात मला
दोन भाषांच्या मधल्या खुर्चीत बसण्याचे.
पार्किंगचे मिळत नाहीत.

कॉव्हेंट्री. कौन्सिलची इमारत, तिसरा मजला,
खिडकीखाली रिंग रोड गोल गोल फिरतोय.
समोर शर्विल, सहा वर्षं चार महिने,
हातात तिथलाच एक प्लास्टिकचा जिराफ,
कान आधीच्या कुणा पोरानं चावलेला.
इंग्रजी येतं त्याला, शाळेत फाडफाड बोलतो.
घरचं विचारलं की गप्प.
म्हणून मी.

ब्रॉनवेन विचारते. मी विचारते.
तो जिराफाला सांगतो:
बाबाची किल्ली लागते.
मग दार लागतं.
मग आईला लागतं.
मिहूला नाही लागत, तिला मी कपाटात ठेवतो.

मी तोंड उघडते आणि अडते.
इंग्रजीत किल्ली फिरते, दार मिटतं, आईला इजा होते.
तीन क्रियापदं, तिन्ही बरोबर,
आणि ज्या दोऱ्यात त्यानं ती ओवली होती
तो माझ्याच हातात राहतो.
पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही,
अशी सही केली आहे मी.
पेनाचं टोपण लावते, काढते, लावते.
(त्या आवाजाची मलाही ओळख आहे.
आमच्या मिरजेच्या घराला कडी होती, एवढाच फरक.)

मग तक्ता. कितव्या वर्षी मूल काय काय करतं.
रंग ओळखतो? हो.
बटणं लावतो? हो, बहिणीचीही.
एका पायावर किती वेळ?
शर्विल उठतो, उभा राहतो.
ब्रॉनवेन मोजते. पस्तीस, छत्तीस.
हलत नाही. श्वाससुद्धा ऐकू येत नाही.
छान, वयाच्या पुढे आहे, म्हणत ती खूण करते.
खाली बसता बसता तो जिराफाला म्हणतो,
आमची पाचवी पायरी वाजते.
मी हेही सांगते.
ब्रॉनवेनचं पेन खुणेपाशीच थांबतं.

लाल पुस्तकातली वजनाची रेघ
चार वर्षांपर्यंत चढते, मग आडवी.
खातो हो, वृषाली म्हणते, पण अंगी लागत नाही.
मार्चमध्ये निकाल लागला.
आता एक शनिवार सोडून एक,
चर्चच्या हॉलमध्ये, दोन तास, देखरेखीखाली
बाबा लेगो आणतो,
आणि हा खोका न फोडता
मांडीवर धरून बसतो.

कॉरिडॉरमध्ये वृषाली माझं मनगट धरते.
परवा शाळेत त्यानं एका मुलीला भिंतीवर ढकललं.
मग तिचे केस नीट केले, म्हणे,
पाणी आणून दिलं, सॉरी म्हणाला,
अगदी तस्संच.
ताई, गुण लागला असेल का हो?
आणि लगेच: हे भाषांतर करू नका.

मत द्यायचं नाही, हेही त्या सहीत होतं.
वेळ लागेल, एवढं म्हणते.
ते मत झालं का, कोण जाणे.

लिफ्टमध्ये शर्विल माझा अंगठा बघतोय.
कालची चिकटपट्टी, कडेनं सुटलेली.
तुला लागलं?
हो रे. कांदा चिरताना सुरी लागली.
तो मान डोलावतो, हळू,
मोठी माणसं डोलावतात तशी,
आणि पुढे काही विचारत नाही.

तळमजला. दार उघडतं, वृषाली त्याची टोपी सारखी करते,
तो बोट धरून चालू लागतो.

खरंच सुरी होती, शर्विल.
कांदा होता. पोहे होते.