माया ठेवून

कॅनडा कॉर्नरला, द्राक्षांच्या औषधांच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास.
जिन्यात गंधकाचा वास, वर बारा खुर्च्या,
आणि आज माझी पाळी.

चार महिने लागले मला या एका पानाला.
दुपारी ब्लाउज, रात्री कंस.
एक कंस मिटायचा राहिला की सगळं उसवतं,
हे मात्र मला कुणाला शिकवावं लागलं नाही.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडलं
तेव्हा खरंच देखणं दिसत होतं.
वर येवल्याच्या पैठणीचा काठ, खाली दुकानाचं नाव,
'शिलाई व अल्टर, जेल रोड',
उजवीकडे दरांचा तक्ता,
तळाला हिरवं बटण : फोन करा.

सर म्हणाले, आता सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर बघा.

मग जी शांतता झाली
ती माझ्या ओळखीची आहे.
दुकानातला पडदा सरकवून बाई बाहेर येते
आणि आरशाकडे बघत
काहीच बोलत नाही,
ती.

मृण्मयी ढिकले म्हणाली, छान आहे ताई.
छानचं मी काय करू?
काखेत धरतंय म्हण, गळा उतरलाय म्हण,
मी खडू घेऊनच बसलेय.

ऋग्वेद निमसे, वय एकोणीस :
"काकू, तुमचा काठ माझ्या फोनबाहेर गेलाय.
दर बघायचे तर आडवं सरकायचं.
आणि बटण कुठंय? मी फोन करूच शकत नाही तुम्हाला."
सगळे हसले. मीही हसले,
कान गरम.

तबस्सुमनं सिटीलिंकच्या तिकिटामागे लिहून दिलं :
अक्षरं फार बारीक, अम्मीला वाचता येणार नाहीत.
खाली, वेगळ्या ओळीत : काठ सुंदर.

रोशन चांदगुडे बोलला नाही.
अंबडला रात्रपाळी असते त्याची, डोळे तांबारलेले.
त्यानं नुसता फोन पुढे केला,
काचेला तडा, कोपरा चिकटपट्टीनं धरलेला.
आत माझा तक्ता मोडून पडला होता,
फॉल-पिकोचे साठ रुपये
घसरून शेरवानीसमोर बसले होते.

साठ रुपयांत शेरवानी.

असलेच फोन असतात माझ्या गिऱ्हाइकांकडे.
मोठा पडदा आमच्या गल्लीत कुणाकडेच नाही.
मी माप घेतलं होतं
सरांच्या भिंतीचं.

एकवीस वर्षं पोरींना सांगत आलेय,
शिवणीत माया ठेव गं,
अंग आज आहे तसं उद्या राहतं का.
आणि इथे बाराशे पिक्सेल,
दुहेरी टीप घालून पक्के.

नंतर ऋग्वेदचं पान आलं.
राखाडीवर राखाडी, वर बारीकशी धुक्याची रेघ.
म्हटलं, बाळा, तुझं नाव मला दिसत नाही.
"स्टाइल आहे काकू ती."
मी काही बोलले नाही, चष्मा काढून त्याच्या हातात दिला.
तो थांबला. फोन हातभर लांब धरून
बघत राहिला बराच वेळ.

घरी येऊन जेवण झाकूनच ठेवलं.
पिक्सेल उसवले, शेकड्यात बेतलं,
तक्त्याच्या एकेका दराला त्याच्या त्याच्या नावाशी
टाका घालून बांधलं.
अक्षरं वाढवली, तबस्सुमच्या अम्मीला मी पाहिलेलं नाही,
माझ्या सासूबाईंचे डोळे धरले मापाला.

साडेअकराला रोशनला पाठवलं.
कारखान्याच्या चहाच्या सुट्टीत असावा,
बाराला उत्तर :

'शेरवानी परत दोन हजारांना.
बटण अजून बोटभर बाहेर.'

बोटभर.
बोटभर तर मी झोपेतही आत घेते.