पूर्वानुभव

फॉर्म मोबाईलवर भरता येतो, पण मला कागद लागतो,
म्हणून शलाकानं ऑफिसातून छापून आणलाय.
चार पानं. नाव, वय, वजन, रक्तगट.
तळाशी सही : बरंवाईट झाल्यास कंपनी जबाबदार नाही.
असल्या सह्या खात्यात पुष्कळ केल्या.

सहा दिवस, पाच रात्री, काली नदी, दिवाळीनंतर.
एका काठाला आपण, दुसऱ्या काठाला नेपाळ,
मधलं पाणी कुणाचं ते पाण्यालाच ठाऊक,
असं बोहरा म्हणतो. बोहरा आमचा गाईड.
त्याचा फोन दरीतून येतो,
अर्धं वाक्य खडकात अडकून राहतं.
त्यानं वय विचारलं. एकसष्ट, म्हटलं.
बराच वेळ नुसती खरखर.
मग : "चलेगा, अंकल. घुटने कैसे हैं?"

गुडघे.
भांडुप ते विक्रोळी, रस्त्यातल्या प्रत्येक लोखंडी झाकणाशी
वाकलेले गुडघे.
तेहेतीस वर्षं मी पाणीखात्यात चावीवाला.
छातीइतकी उंच चावी. पहाटे चारला डावीकडे आटे,
साडेसहाला उजवीकडे.
एवढ्यात ज्याचं पिंप भरलं त्याचं भरलं,
उरलेल्यांनी माझ्या आईचा उद्धार केला.

पाणी मी तसं पाहिलंच नाही. ऐकलं.
पायाखाली, डांबराखाली,
पाइपात शिरताना ते घसा खाकरायचं.

पाहिलं ते एकदाच.
टाकीखालच्या उतारावर मोठी लाइन फुटली त्या रात्री.
तीन मजले उभं राहिलं,
बॅटरीच्या उजेडात पांढरंफेक, आपल्याच नादात.
डिमेलोनं डोक्यावरची टोपी काढली होती.
दोनशे चाळीस आटे.
मोजत मोजत, ते मीच खाली बसवलं.
सकाळी साहेबांनी पाठ थोपटली.
घरी येऊन मी जेवलो नाही,
का, ते कुमुदला आजही सांगता येणार नाही.

तर आम्ही तिघं ठरलो होतो. आता दोघं.
नवघणेच्या सुनेनं बोहराचे व्हिडिओ पाहिले
आणि त्याचे बूट लपवले.
डिमेलो आणि मी मुलुंडच्या तलावात जातो, सात ते पावणेआठ,
नारिंगी जाकीट घालून उताणे तरंगतो.
पोरं हसतात. हसू देत.
बोहरानं सांगितलंय : पडलात तर भांडायचं नाही,
पाय पुढे, नजर आभाळाकडे,
नदी दमली की सोडते.
हे मी पाणीकपातीच्या जुन्या वेळापत्रकामागे लिहून ठेवलंय.

दुपारी पलंगाच्या काठावर बसतो, हातात खराटा.
कुमुद ओट्यापाशी उभी राहून हुकूम सोडते :
"आगे! पीछे! अंदर!"
अंदर म्हटलं की खाली बसायचं, दोर धरायचा.
दोर म्हणजे तिच्या साडीचा वाळत घातलेला पदर.
काल ती मुद्दाम चार वेळा अंदर म्हणाली.

सामान माणशी दहा किलो. न भिजणारी पिशवी कंपनीची,
आम्ही तिला कोरडं पोतं म्हणतो.
त्यात मेतकुटाची बरणी आधीच गेली आहे,
दोन किलो तिथंच संपले.
गुरुवारपर्यंत निम्मे पैसे भरायचेत, फंडातून.

उरलाय एकच रकाना : पूर्वानुभव.
समोर दीड ओळ जागा.
'तेहेतीस वर्षं', लिहिलं. मग खोडलं.
खोडलेलंही वाचता येतंय.

कुमुद दाण्याच्या कुटाचा डबा पोत्यात कोंबताना विचारते,
"आणि काय हो, तिथं पाणी किती वाजता येतं?"

मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं.