साडेपाच तास मागं

उदगीरला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत
बशीरभाईचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं.
भिंतीवर दोन घड्याळं :
एक आपलं, एक साडेपाच तास मागं.
गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, ते तेवढं नीट करून घ्या.
तो हसायचा, तार भरत राहायचा.

जळालेल्या मोटारींचंच तांबं
त्यानं लिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलं होतं.
दिवसा त्यावर कावळे बसायचे.

भारनियमनाला अख्खा गाव शिव्या द्यायचा,
बशीरभाई वाट बघायचा.
लाईट गेली की गिरणी, पंखे, ट्यूबांची गुरगुर
सगळं एकदम बसायचं,
आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाललेल्या सेटमध्ये
अशी शांतता यायची
की बारीकशी डा-डिट-डा-डिट
ज्वारीच्या दाण्यासारखी चिमटीत उचलावी.
‘चुप रे,’ मला म्हणायचा,
‘पानी के उस पार से कोई बोलरा.’
मी बारा वर्षांचा, कंदील धरायला ठेवलेला.

बोलणं तरी काय असायचं?
इथं चव्वेचाळीस. तिथं उणे अठरा.
तुझा आवाज येतोय. माझा येतोय का?
मध्येच आवाज पोहऱ्यासारखा खोल जायचा,
आम्ही श्वास धरून काठावर.
धड ऐकू आलं नाही तरी सगळ्यांना
पाच-नऊचाच रिपोर्ट द्यायचा तो.
एवढ्या लांबून आलंय बिचारं, मार्क काय कापायचे.

व्ही यू टू, आणि पुढं तीन अक्षरं.
ती मी कुणाला सांगत नाही.

तो गेला मंगळवारी, पहाटे तीनला.
मागच्या घड्याळात अजून सोमवारच होता,
रात्रीचे साडेनऊ.
वर्षश्राद्ध नसतं त्यांच्यात, नाहीतर
कुठला दिवस धरायचा हा घोळ झाला असता.

आठ महिन्यांनी बोटीच्या टपालानं एक कार्ड आलं.
पिराजी पोस्टमननं तिकीट पोरासाठी मागून घेतलं.
पुढं दीपगृहाचं चित्र, मागं हातानं लिहिलेलं :
सिग्नल फार कमजोर होता तुमचा, पण मी थांबलो.
पोच द्यावी.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
सेट माझ्याकडं आहे. लावला तर
गावभरच्या चार्जरांची नुसती खरखर.
तरी डीपी उडाली की
बायको मेणबत्ती शोधते, मी हेडफोन.

कार्ड तसंच आहे.
कधीमधी पोच लिहायला बसतो,
नाव होतं, तारीख होते,
वेळेच्या रकान्यापाशी हात थांबतो.